तरंगलांबीवरून ऊर्जा: एका भागाकाराचा इतिहास

फोटॉनची ऊर्जा काढायची तर प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला तरंगलांबीने भागायचे. बारावीचा विद्यार्थी हे उदाहरण चार ओळींत सोडवतो. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश घेतला तर त्याची सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. वेगाला तरंगलांबीने भागले की वारंवारता मिळते, सेकंदाला सुमारे ५.०९ गुणिले १० चा १४ वा घात. तिला ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात या स्थिरांकाने गुणले की एका फोटॉनची ऊर्जा येते: ३.३७ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके ज्यूल, किंवा २.१० इलेक्ट्रॉन व्होल्ट. ही ऊर्जा इतकी थोडी आहे की एक वॅट पिवळा प्रकाश देणाऱ्या दिव्यातून दर सेकंदाला तीन अब्ज गुणिले एक अब्ज फोटॉन बाहेर पडतात.

या गणितातल्या तीन राशी एका ठिकाणी, एका हेतूने मोजल्या गेलेल्या नाहीत. तरंगलांबी आली भिंगे घडवणाऱ्या आणि काचेवर रेघा ओढणाऱ्या कारागिरांकडून, वेग आला खगोलशास्त्रज्ञांकडून, आणि स्थिरांक आला दिव्यांच्या तेजाचे मानक ठरवू पाहणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेतून. मोजणाऱ्यांपैकी बहुतेकांना फोटॉन ही कल्पनाही ठाऊक नव्हती. त्यांची मोजमापे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र आली आणि त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे एकमेकांच्या चुका उघड्या पाडत राहिली.

तरंगलांबीची पहिली किंमत निघाली ती जुन्या मोजमापांतून. लंडनमधील वैद्य थॉमस यंग याने १८०१ मध्ये प्रकाश ही लाट आहे असे मांडले आणि त्या आधारे न्यूटनच्याच नोंदी पुन्हा वाचल्या. भिंग आणि सपाट काच यांच्यामधल्या हवेच्या पातळ थरात जी रंगीत वलये दिसतात, त्या थरांची जाडी न्यूटनने शंभर वर्षांपूर्वी विलक्षण काटेकोरपणे मोजून ठेवली होती. त्या जाडीवरून यंगने तरंगलांबी काढली. लाल टोकाला सुमारे ०.७ मायक्रोमीटर आणि जांभळ्या टोकाला सुमारे ०.४ मायक्रोमीटर अशी तिची आजच्या एककांत किंमत होते. प्रकाश लाटांचा नसून कणांचा बनलेला आहे असे मानणाऱ्या माणसाच्या नोंदींतून प्रकाशलाटेची लांबी निघावी, हा निरीक्षणाच्या प्रामाणिकपणाचा मोठाच गौरव आहे.

पण ‘लाल’ किंवा ‘पिवळा’ ही काही नेमकी खूण नव्हे. नेमकी खूण दिली योझेफ फ्राउनहोफर याने. म्युनिकमध्ये काच आणि आरसे बनवणाऱ्याकडे उमेदवारी करणारा हा अनाथ मुलगा १८०१ मध्ये कोसळलेल्या घराखालून जिवंत निघाला आणि पुढे बेनेडिक्टबॉयर्न येथील काचकारखान्याचा प्रमुख झाला. दुर्बिणीच्या भिंगात रंगांच्या कडा दिसू नयेत यासाठी प्रत्येक जातीची काच कोणत्या रंगाला किती वाकवते हे त्याला मोजायचे होते. त्यासाठी वर्णपटात न हलणारी ठिकाणे हवी होती. १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्याला पाचशेहून अधिक काळ्या रेषा दिसल्या. ठळक रेषांना त्याने लाल टोकापासून क्रमाने अक्षरे दिली. पिवळ्या भागातली डी ही रेषा त्यांपैकीच. काळ्या रेषा का पडतात हे त्याला माहीत नव्हते, पण त्या जागच्या हलत नाहीत एवढे त्याला पुरेसे होते.

१८२१ च्या सुमारास त्याने दोन बारीक स्क्रूंच्या आट्यांमध्ये तारा ताणून बसवल्या आणि तारांच्या जाळीतून प्रकाश पाठवला. अशा जाळीतून प्रत्येक रंग आपल्या तरंगलांबीनुसार ठरावीक कोनात वळतो. तारांमधले अंतर आणि तो कोन मोजला की तरंगलांबी हाती येते. पुढे तारांऐवजी त्याने काचेवर हिऱ्याने समांतर रेघा ओढल्या. डी रेषेची त्याने काढलेली किंमत आजच्या ५८९ नॅनोमीटरला अगदी जवळची आहे. १८२६ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, तो गेला.

त्यानंतरची साठ वर्षे या विवर्तन जालकांची, म्हणजे ग्रेटिंगची, आणि त्यांनी मोजलेल्या रेषांच्या याद्यांची आहेत. हायडेलबर्गमध्ये किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९ च्या सुमारास दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा त्याच्याच असतात. डी रेषा सोडियमची. स्वीडनमधील उप्साला येथे आंडर्स अँग्स्ट्रॉम याने १८६८ मध्ये सूर्याच्या सुमारे एक हजार रेषांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यातल्या तरंगलांब्या त्याने मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात दिल्या, आणि ते एकक पुढे त्याच्याच नावाने चालले. त्याच्याकडची मीटरची प्रमाणपट्टी किंचित चुकीची असल्यामुळे त्या सगळ्याच किमतींत थोडा दोष राहिला. त्याच्या मृत्यूनंतर सहकारी थालेन याने तो दुरुस्त केला.

त्याच १८६८ सालच्या १८ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहणाची छाया दख्खन ओलांडून गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता, आणि गुंटूरला फ्रान्सचा झान्सेन. सूर्यबिंबाच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये ठळक रेषा दिसल्या. त्यांपैकी पिवळ्या भागातली रेषा बहुतेकांनी सोडियमचीच डी धरली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयरने ऑक्टोबरपासून ग्रहणाशिवायच या ज्वालांचे वर्णपट पाहिले आणि ती रेषा डीच्या जागी बसत नाही हे त्याच्या लक्षात आले. तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर. ती रेषा हीलियम वायूची. पृथ्वीवर तो विल्यम रॅम्झीला १८९५ मध्ये सापडला. आजच्या हिशेबाने सोडियमच्या फोटॉनची ऊर्जा २.१०३ आणि हीलियमच्या या फोटॉनची २.११० इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या हजारांश भागांतल्या एवढ्याशा फरकावरून नवे मूलद्रव्य ओळखले गेले, तेही ऊर्जेचा हिशेब मांडण्याची सोय नसताना.

जालकाची कला शिगेला नेली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हेन्री रोलंड याने. रेघा ओढणाऱ्या यंत्राचा प्राण म्हणजे त्याचा लांब स्क्रू. त्याच्या आट्यांत ठरावीक अंतराने येणारी सूक्ष्म चूकही वर्णपटात खोट्या रेषा उभ्या करते. रोलंडने असा स्क्रू बनवण्याची पद्धत बसवली आणि १८८२ पासून त्याच्या यंत्रातून इंचाला १४,४३८ रेघांची जालके बाहेर पडू लागली. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती नेली. सूर्याच्या सुमारे वीस हजार रेषांची त्याची यादी पुढच्या पिढीचा आधारग्रंथ ठरली. १९०१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा त्या यंत्राजवळच्या तळघराच्या भिंतीत ठेवण्यात आली. मोजमापाच्या इतिहासात रोलंडला सहसा एखाद्या वाक्यात गुंडाळले जाते. ते अन्यायाचे आहे, कारण या गोष्टीच्या शेवटच्या वळणावर निकाल देणारे साधन त्याच्याच परंपरेतले होते.

प्रकाशाच्या वेगाची हकिकत अधिक परिचित आहे. पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर याने १६७६ मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेळ लागतो हे दाखवले. १८४९ मध्ये फिझोने माँमार्त्र आणि स्युरेन यांच्यामधल्या ८,६३३ मीटर अंतरावर दातेरी चाकाच्या फटींतून प्रकाश पाठवून जमिनीवरच वेग मोजला. त्याची किंमत चारपाच टक्क्यांनी जास्त होती. फूकोच्या फिरत्या आरशाने १८६२ मध्ये ती सेकंदाला २,९८,००० किलोमीटरवर आणली आणि मायकेलसनने १८७९ पासून अर्धशतक तिच्यावर काम केले. १९०० साली वेगाचा आकडा या गणितापुरता पक्का होता. तरंगलांब्या तर सहासात अंकांपर्यंत छापल्या जात होत्या. तिसरी राशी मात्र अजून जन्मालाच आली नव्हती.

ती जन्मली बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्गमध्ये. १८८७ मध्ये तेथे भौतिक आणि तांत्रिक मोजमापांची शाही संस्था स्थापन झाली. उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स याने जागा दिली आणि हेल्महोल्ट्झ पहिला अध्यक्ष झाला. त्या काळी शहरांच्या रस्त्यांवर गॅसचे आणि विजेचे दिवे एकमेकांशी स्पर्धा करत होते. कोणता दिवा किती प्रकाश देतो हे ठरवायला भरवशाचे मानक हवे होते. किर्कहॉफने पूर्वीच सिद्धांत सांगून ठेवला होता की पूर्ण काळ्या वस्तूतून बाहेर पडणारा प्रकाश तिच्या द्रव्यावर अवलंबून नसतो, केवळ तापमानावर असतो. म्हणजे अशी कृष्णवस्तू हे उत्तम मानक होऊ शकते. १८९५ मध्ये संस्थेतल्या वीन आणि लुमर यांनी सुचवले की आतून तापवलेल्या पोकळीला लहान छिद्र ठेवले की ते छिद्रच कृष्णवस्तूसारखे वागते. काही वर्षांत विजेने तापवलेली अशी पोकळी तयार झाली.

मग प्रत्येक तापमानाला कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती, याचे आलेख निघू लागले. वीनने १८९६ मध्ये मांडलेले सूत्र आखूड तरंगलांब्यांना छान बसत होते. लुमर आणि प्रिंग्सहाइम यांना १८९९ पासून लांब तरंगलांब्यांकडे फरक दिसू लागला. रुबेन्स आणि कुर्लबाउम यांनी स्फटिकांवरून वारंवार परावर्तन करवून डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी पट लांब अशा अवरक्त लहरी वेगळ्या काढल्या. सैंधवाच्या स्फटिकावरून मिळालेल्या लहरीची लांबी ५१ मायक्रोमीटर होती. तेथे वीनचे सूत्र उघडच कोसळले. तीव्रता थेट तापमानाच्या प्रमाणात वाढत होती.

७ ऑक्टोबर १९०० या रविवारी रुबेन्स पत्नीसह माक्स प्लांकच्या घरी गेला आणि त्याने हा निष्कर्ष सांगितला. प्लांकने त्याच संध्याकाळी दोन्ही टोकांना बसणारे सूत्र जुळवले आणि १९ ऑक्टोबरला जर्मन भौतिकी परिषदेपुढे ठेवले. रुबेन्सने आपले आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. मेळ उत्तम होता. आता त्या सूत्राला अर्थ द्यायचा होता. १४ डिसेंबरला प्लांकने तो मांडला: पोकळीच्या भिंतीतले कंपक ऊर्जा सलग घेत नाहीत. एका ठरावीक हिश्शाच्या पटीतच घेतात, आणि तो हिस्सा म्हणजे वारंवारता गुणिले एक स्थिरांक. मोजलेल्या आलेखांवरून त्याने त्या स्थिरांकाची किंमतही काढली. ६.५५ गुणिले १० चा उणे २७ वा घात, अर्ग-सेकंदांत. आजच्या किमतीपेक्षा ती जेमतेम एका टक्क्याने कमी आहे. दिव्यांचे मानक शोधण्यासाठी केलेल्या मोजमापांतून इतकी चांगली किंमत निघाली, ती रुबेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कसबामुळे. प्लांकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थिरांकावर त्यांचाही हक्क आहे.

पण प्लांकच्या मांडणीत हिस्से पडत होते ते कंपकांच्या ऊर्जेचे. प्रकाश त्याच्या लेखी सलग लाटच होता. प्रकाशाचीच ऊर्जा अशा हिश्शांत असते हे म्हणण्याचे धाडस १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आल्बर्ट आइन्स्टाइनने केले. जंबुपार प्रकाश धातूवर पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात हे हर्ट्झच्या १८८७ च्या निरीक्षणापासून ज्ञात होते. लेनार्टने १९०२ मध्ये दाखवले की प्रकाश वाढवला तर इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, प्रत्येकाची ऊर्जा वाढत नाही. आइन्स्टाइनच्या हिशेबाने एक पुंज एका इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देतो, धातूतून सुटण्याची किंमत त्यातून वजा होते आणि उरलेली इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा ठरते. म्हणून ती थांबवायला लागणारा विद्युतदाब वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढला पाहिजे, आणि त्या रेषेचा चढ कोणत्याही धातूसाठी तोच आला पाहिजे. त्या शोधनिबंधात प्लांकच्या स्थिरांकाचे चिन्ह नाही. तीच राशी इतर स्थिरांकांत लिहिलेली आहे.

जवळजवळ कुणाचा यावर विश्वास बसला नाही. शिकागोतील रॉबर्ट मिलिकन याचाही नव्हता, आणि तरीही याची सर्वांत काटेकोर परीक्षा त्यानेच घेतली. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम यांचा पृष्ठभाग हवा लागताच बिघडतो. म्हणून त्याने निर्वात काचनळीच्या आत, बाहेरून चुंबकाने चालणाऱ्या सुरीने धातूचा ताजा पापुद्रा कापायची व्यवस्था केली आणि त्यावर पाऱ्याच्या दिव्याच्या एकेका रेषेचा प्रकाश सोडला. रेषांच्या तरंगलांब्या याद्यांत तयार होत्याच. आलेख सरळ रेषाच आला. १९१६ मध्ये त्याने त्या चढावरून ६.५७ ही किंमत जाहीर केली. सूत्र खरे, पण त्यामागची प्रकाशपुंजांची कल्पना टिकणारी नाही, असे त्याने त्याच निबंधात लिहिले. न पटणाऱ्या सूत्राच्या बाजूने इतका स्वच्छ पुरावा देणारे मन दुर्मीळ असते.

तोवर हे गणित इतरत्रही रुजू लागले होते. फ्रांक आणि हर्ट्झ (आधीच्या हर्ट्झचा पुतण्या) यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा ४.९ व्होल्टला ते एकाएकी ऊर्जा गमावत होते. त्याच वेळी वाफेतून २,५३६ अँग्स्ट्रॉम तरंगलांबीचा प्रकाश निघत होता. भागाकार केला तर तो ४.९ व्होल्टच येतो. हार्वर्डमध्ये डुएन आणि हंट यांनी १९१५ मध्ये दाखवले की क्ष-किरण नळीला जितके व्होल्ट दिले, त्या हिशेबाने ठरणाऱ्या तरंगलांबीपेक्षा आखूड किरण निघतच नाहीत. येथून पुढे ऊर्जा व्होल्टांत सांगण्याची सवय लागली. स्थिरांक, वेग आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मिळून एकच आकडा तयार ठेवायचा आणि त्याला अँग्स्ट्रॉममधल्या तरंगलांबीने भागायचे. १९२३ मध्ये कॉम्प्टनने क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आपटून तरंगलांबी बदलतात हे दाखवले. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकचे सूत्र केवळ प्रकाशपुंजांच्या मोजणीतून काढले. त्यानंतर शंका घेणारे थोडेच उरले. गिल्बर्ट लुईसने १९२६ मध्ये सुचवलेले ‘फोटॉन’ हे नाव याच काळात रूढ झाले.

व्होल्टांच्या हिशेबासाठी तयार ठेवलेला तो एक आकडा मात्र चुकीचा होता. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा भार ४.७७४ गुणिले १० चा उणे १० वा घात (स्थिरविद्युत एककांत) काढला होता. तो आणि त्या काळची ६.५५ ही स्थिरांकाची किंमत घेतली तर आकडा १२,३३० च्या आसपास येतो. सगळ्या पद्धतींनी साधारण तेच उत्तर मिळत असल्यामुळे कुणाला संशय आला नाही. पण त्या पद्धती एकमेकींपासून स्वतंत्र नव्हत्या. क्ष-किरणांची तरंगलांबी मोजायची ती स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधल्या अंतरावरून. ते अंतर काढायचे घनतेवरून आणि अ‍ॅव्होगाड्रोच्या संख्येवरून, आणि ती संख्या येत होती मिलिकनच्याच भारावरून. त्या एका भारातली चूक साऱ्या तक्त्यांत झिरपली होती.

ती पकडली रेघा ओढलेल्या जालकाने. कॉम्प्टन आणि डोन यांनी १९२५ मध्ये क्ष-किरण जालकावर अगदी निसटत्या कोनात सोडले, तेव्हा त्या जालकावर त्यांचे विवर्तन मिळाले. रेघांमधले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजता येते, त्यात इलेक्ट्रॉनच्या भाराचा संबंध नाही. पुढच्या काही वर्षांत स्वीडनमध्ये बेकलिन आणि अमेरिकेत बेअर्डन यांच्या मोजमापांत तरंगलांब्या स्फटिकाच्या किमतींपेक्षा सुमारे ०.२ टक्क्याने जास्त भरल्या. थरांमधले अंतर भाराच्या घनमुळाबरोबर बदलते, म्हणून भार याच्या तिप्पट प्रमाणात, म्हणजे ०.६ टक्क्याने कमी धरला गेला होता. दोष मिलिकनच्या थेंबांत नव्हता, हवेच्या श्यानतेची त्याने वापरलेली किंमत कमी होती. भार ४.८०३ वर गेला, प्लांकचा स्थिरांक ६.६२ च्या वर सरकला आणि तो आकडा १२,३९८ वर स्थिरावला. नॅनोमीटरमध्ये विद्यार्थी पाठ करतात तो १,२४० हाच.

त्यानंतरची वाटचाल दशांश चिन्हापुढच्या अंकांची आहे. लेसरमुळे १९७२ मध्ये वेग इतका अचूक मोजला गेला की मर्यादा मीटरच्या व्याख्येचीच उरली. १९८३ मध्ये वेगाची किंमत ठरवून दिली गेली आणि मीटरची व्याख्या तिच्यावरून केली गेली. प्लांकच्या स्थिरांकासाठी ब्रायन किबल याने १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये सुचवलेला तराजू कामी आला. त्यात वजनाचा भार विजेच्या बलाने तोलतात, आणि वीज मोजताना हा स्थिरांक येतो. २० मे २०१९ पासून स्थिरांक ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात ज्यूल-सेकंद आणि विद्युतभार १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलंब असे ठरवून दिले आहेत, आणि किलोग्रॅमची व्याख्या त्या स्थिरांकावर उभी आहे. भागाकारातला वरचा आकडा, १,२३९.८४१९८… इलेक्ट्रॉन व्होल्ट-नॅनोमीटर, आता मोजायचा राहिलेला नाही.

मोजायची उरली ती केवळ तरंगलांबी, आणि तिच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते. जुन्या याद्यांत २०० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांब्या हवेतल्या दिलेल्या असतात. हवेत प्रकाश किंचित मंदावतो म्हणून तेथे तरंगलांबी सुमारे तीन दहाहजारांश आखूड असते. सोडियमच्या रेषेत हा फरक ०.१६ नॅनोमीटरचा आहे. वारंवारता आणि ऊर्जा मात्र बदलत नाहीत. म्हणून तीन अंकांपुढची अचूकता हवी असेल तर आधी निर्वातातली तरंगलांबी काढून मगच भागायचे. आणखी अचूकता लागते तेथे तरंगलांबी बाजूला ठेवून लेसरच्या ‘वारंवारता कंगव्या’ने वारंवारताच थेट मोजतात आणि तिला प्लांकच्या स्थिरांकाने गुणतात.